बेदाणे करपतात, अक्रोड कडू लागतात : सुकामेव्याच्या कुकीजबद्दल तुमचे प्रश्न

घरी कुकीज करताना नेमकं कुठे अडतं ते कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळी पत्रं सुकामेव्यावरच आली. मैदा, बटर, साखर याबद्दल कोणाची फारशी तक्रार नाही, पण बदाम-बेदाणे पडले की काहीतरी बिनसतंच असा एकूण सूर. त्याचं कारण माझ्या मते एकच आहे. आपण सगळं सुकामेवा म्हणून एका वाटीत काढतो आणि ती वाटी शेवटी पिठात उलटी करतो, पण त्या वाटीत दोन अगदी उलट स्वभावाच्या गोष्टी असतात. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते यांच्यात निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच तेल आणि पाणी जेमतेम ४-५ टक्के. बेदाणे, अंजीर, जर्दाळू, खजूर यांच्यात साखर आणि पाणी, तेल जवळपास नाहीच. पहिल्यांना आधी कोरडं भाजायचं, दुसऱ्यांना आधी जरा ओलं करायचं. तेव्हा दोन वाट्या घ्या, खालची निम्मी उत्तरं तिथेच मिळतील.

तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलंय, आणि चमचे म्हणजे मापाचे, टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली.

प्रश्न : बेदाणे आणि सुक्या क्रॅनबेरी घालून कुकीज केल्या. चव छान होती पण वर आलेले बेदाणे काळे पडून कडू लागले, आणि आतले इतके घट्ट की दाताला त्रास. शिवाय कुकीजच कोरड्या वाटत होत्या. आणि एकूण किती घालायचे याचं काही माप असतं का?

उत्तर : बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं आणि साखर भरपूर, म्हणजे ६० टक्क्यांच्या वरच. जो बेदाणा कुकीच्या वर डोकं काढून बसतो तो थेट गरम हवेत येतो, आधी टम्म फुगतो आणि मग त्याची साखर जळते, म्हणून काळा आणि कडू. आतला जर आधीच जुना, सुकलेला असेल तर आजूबाजूच्या पिठातलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे कुकी कोरडी होते आणि बेदाणा तरीही काही मऊ होत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

उपाय सोपा आहे. बेदाणे, क्रॅनबेरी बुडतील एवढं गरम पाणी ओता, १०-१५ मिनिटं ठेवा, पाण्याऐवजी संत्र्याचा रस घेतला तरी चालतो आणि मला तर तोच आवडतो. मग पूर्ण निथळून स्वच्छ कापडावर पसरा आणि वरून दुसऱ्या कापडाने दाबून टिपून घ्या. हे टिपणं लोक हमखास टाळतात आणि मग पीठ चिकट झालं म्हणून वर मैदा भुरभुरवत बसतात. बेदाणा बोटांत धरला तर मऊ लागला पाहिजे पण बोट ओलं व्हायला नको, एवढं झालं की पुरे. तासन्‌तास भिजवू नका, फार भिजलेला बेदाणा कालवताना फुटतो आणि तिथे कुकी कच्ची राहते. अंजीर किंवा खजूर मुळातच लुसलुशीत असतील तर भिजवायची गरजच नाही.

गोळे वळल्यावर एकदा नजर टाका आणि वर दिसणारा प्रत्येक बेदाणा बोटाने आत ढकला. वर शोभेला काही हवं असेल तर बदाम-अक्रोडाचे तुकडे लावा, ते भाजले गेले तर चांगलेच लागतात. अंजीर आणि जर्दाळू सुरीला चिकटतात, त्यासाठी कात्रीला तेलाचं बोट लावून कातरा, आणि खजुराचे तुकडे रेसिपीतल्याच मैद्यातला एक चमचा घेऊन त्यात घोळवा म्हणजे एकमेकांना चिकटून लगदा होत नाही.

मापाचं म्हणाल तर मी असं धरते. बटर ११५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, पांढरी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, मैदा १७० ग्रॅम, बेकिंग सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून, व्हॅनिला एक टीस्पून. एवढ्याला भाजलेले नट्स ८० ग्रॅम आणि सुकी फळं ५०-६० ग्रॅम. बटर साखरेबरोबर फेटायचं, मग अंडं, मग कोरडं सगळं, आणि सुकामेवा अगदी शेवटी उलथण्याने हलक्या हाताने. तीस-तीस ग्रॅमचे गोळे केले तर २० कुकीज होतात, १७५ डिग्रीला ११ ते १३ मिनिटं. सुकामेवा याहून फार वाढवला तर त्याला धरून ठेवायला पीठच उरत नाही, कुकी उचलली की तुकडे. आणि नट्स फळांपेक्षा जास्त असावेत हे माझं मत, उलट केलं तर सगळं गोडगोड आणि चिवट होतं.

प्रश्न : अक्रोड घातले की माझ्या कुकीजना मागून कडवट चव येते. मैत्रीण म्हणते आधी भाजून घे. पण कुकी भाजताना अक्रोड भाजले जातातच ना, मग दोनदा कशाला?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. कुकीच्या आतला अक्रोड भाजला जात नाही, वाफवला जातो. पिठात पाणी असतं, आणि ते पाणी निघून जाईपर्यंत आतलं तापमान १०० डिग्रीच्या वर सरकत नाही. आणि भाजल्याचा तो खमंग वास, तो रंग येतो १४० डिग्रीच्या पुढे झपाट्याने, प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या एका रासायनिक क्रियेमुळे, जिचं वर्णन लुई कामिय माययार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. ते कुकीच्या कडांना आणि बुडाला होतं, पोटातल्या अक्रोडाच्या वाट्याला येत नाही. म्हणून ट्रेमध्ये एकच थर पसरून १७० डिग्रीला ८-१० मिनिटं आधी भाजा, मध्ये एकदा हलवा. काजू लवकर लाल होतात, त्यांच्याकडे सहाव्या मिनिटापासून बघत रहा. पिस्त्यांना मात्र १५० च्या वर नेऊ नका आणि ५-६ मिनिटांत काढा, नाहीतर तो हिरवा रंग गेलाच समजा. वास आला की काढायचे, रंग दिसायची वाट बघायची नाही, कारण बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने थोडे भाजत राहतात. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पिठात घालायचे नाहीत, कोमट अक्रोडसुद्धा आजूबाजूचं बटर वितळवतो.

आता कडूपणाबद्दल. त्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. अक्रोडाच्या सालीत टॅनिन असतं, ते मुळातच तुरट-कडू. भाजलेले गरम अक्रोड जाड कापडात घेऊन चांगले चोळा, सालीचा बराच भुगा सुटून येतो, मग ते चाळणीत हलवून घ्या. सगळी साल जाणार नाही, जायला पण नको. दुसरं कारण म्हणजे अक्रोड खवट असणं. अक्रोडात जवळपास ६५ टक्के तेल आणि तेही बहुतेक असं की हवा लागली की लवकर बिघडतं. खवट अक्रोडाला जुन्या ऑईलपेंटसारखा वास येतो आणि तो भाजून, चोळून, काहीही करून जात नाही. त्यामुळे पिठात घालायच्या आधी एक चावून बघायचा, दरवेळी. उरलेले हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, काही महिने छान टिकतात, फ्रीझरमध्ये वर्षभर.

चिरून झाल्यावर फळीवर जो बारीक भुगा उरतो तो पिठात ढकलू नका बरं का. तो भुगा ओलावा शोषतो आणि कुकी जड, रवाळ होते. चाळून बाजूला काढा आणि दुधात, दह्यात, कशातही वापरा.

प्रश्न : ट्रेवर गोळे ठेवते छान अंतर सोडून आणि दहा मिनिटांनी बघते तर सगळ्यांची मिळून एकच मोठी चादर! बदाम-काजूचे तुकडे टेकड्यांसारखे वर आणि बाकी कुकी पापुद्र्याएवढी. काय चुकतंय?

उत्तर : टेकड्या वाचून हसू आलं, पण वर्णन अगदी बरोबर आहे. कुकी पसरते म्हणजे कडा घट्ट व्हायच्या आत बटर वितळून वाहायला लागतं. कारणं पाच-सहा असू शकतात आणि बहुतेक वेळा एकाच वेळी दोन-तीन असतात.

पहिला संशय बटरवर. मऊ बटर म्हणजे बोटाने दाबल्यावर खळगा पडतो पण बोट तुपकट चकाकत नाही, साधारण १८ ते २० डिग्री. मायक्रोवेव्हमध्ये फिरवून अर्धं वितळलेलं बटर म्हणजे मऊ बटर नाही, त्यात फेटलेली हवा टिकतच नाही. दुसरा संशय मापावर. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२०-१३० ग्रॅम होतो आणि कप पिठात खुपसून भरला तर १५० सुद्धा, म्हणजे तोच कप तुमच्या हातात वेगळा आणि रेसिपी लिहिणाऱ्याच्या हातात वेगळा. कुकीजसाठी एखादी गोष्ट विकत घ्यायची असेल तर डिजिटल वजनकाटा घ्या, बाकी साच्यांचे सेट वगैरे नंतर. तिसरं, ट्रे. पहिला घाणा काढल्यावर त्याच गरम ट्रेवर लगेच दुसरे गोळे ठेवले तर ओव्हनमध्ये जायच्या आधीच ते वितळायला लागतात. ट्रे नळाखाली धरा, पुसा, मग ठेवा.

आणि सुकामेव्याचा हात असतोच. कोमट नट्स, न टिपलेले बेदाणे, हे वर सांगितलंच. शिवाय नट्सचे तुकडे फार मोठे असले की त्यांच्याभोवतीचं पीठ घसरून खाली येतं आणि टेकडी उघडी पडते. वाटाण्याएवढे तुकडे ठेवा, कुकीच्या जाडीपेक्षा मोठा तुकडा नको.

यातलं काही न तपासता एकच करायचं असेल तर गोळे वळून फ्रीजमध्ये निदान अर्धा तास ठेवा, रात्रभर ठेवले तर अजून उत्तम. गार बटर वितळायला वेळ घेतं, तेवढ्यात कडा घट्ट होतात, शिवाय मैद्याला पाणी नीट शोषून घ्यायला वेळ मिळतो आणि चवही खुलते. आणि आधी एकच कुकी भाजून बघायची. ती पसरली तर उरलेल्या पिठात चमचा-दोन चमचे मैदा घाला, अजिबात पसरली नाही तर पुढचे गोळे तळहाताने जरा दाबा. एका कुकीवर भागतं, अख्खा ट्रे वाया जात नाही.

प्रश्न : घाबरून लिहितेय. नट्सऐवजी सूर्यफुलाच्या बिया घातल्या, दुसऱ्या दिवशी कुकी मोडली तर बियांभोवती हिरवं! बुरशी का? फेकून दिल्या सगळ्या.

उत्तर : फेकायला नको होत्या, बुरशी नव्हती ती. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक ॲसिड असतं आणि त्याचा बेकिंग सोड्याशी संबंध आला की हिरवा रंग तयार होतो, कधी भाजल्यावर लगेच, कधी काही तासांनी. खायला काही धोका नाही. टाळायचं असेल तर सोड्याच्या जागी बेकिंग पावडर घ्या, किंवा सोडा कमी करून पिठात चमचाभर लिंबाचा रस घाला. बुरशी असेल तर ती वरून दिसते, तंतू-तंतू असतात आणि कुबट वास येतो, हे हिरवं मात्र आतपर्यंत पिठातच मुरलेलं दिसतं.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही. तुमच्या रेसिपीत त्याऐवजी काय घालू? एकदा नुसतंच वगळलं तर पीठ एकत्रच येईना.

उत्तर : अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, ते वगळलं आणि बदल्यात काही घातलं नाही तर पीठ भुरभुरीत राहणारच. साधा पर्याय म्हणजे २ ते ३ टेबलस्पून दूध, थोडं थोडं घालत, पीठ गोळा व्हायला लागलं की थांबायचं. याने कुकी जास्त खुसखुशीत होते, मऊ-चिवट होत नाही. चिवटपणा हवा असेल तर एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, बुळबुळीत झालं की अंड्याच्या जागी घाला. जवसाची स्वतःची चव लागते, ती अक्रोड आणि खजुराबरोबर छान जाते, काजू-पिस्त्यांबरोबर मला नाही आवडत. दही पण चालतं, पण त्याने कुकी केकच्या दिशेला जाते. अंडं नसेल तेव्हा नट्स जरा बारीक चिरा आणि सुकामेवा एकूण वीसेक ग्रॅमने कमी करा कारण धरून ठेवणारं काही नसतं.

प्रश्न : पहिल्या दिवशी कुरकुरीत, तिसऱ्या दिवशी सादळलेल्या. डबा चांगला हवाबंद आहे तरी. नुसत्या बदामाच्या करते तेव्हा असं होत नाही.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. बाहेरची हवा आत येत नाहीये, पाणी डब्याच्या आतूनच येतंय, अंजीर-जर्दाळूमधून. सुक्या जर्दाळूत ३० टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि कुरकुरीत कुकीत जेमतेम ३-४ टक्के, आणि ओलावा नेहमी ओल्याकडून कोरड्याकडे सरकतो, तो समान होईपर्यंत. हवाबंद डब्यात तर त्याला जायला दुसरी जागाच नाही! त्यामुळे फळं घालून आठवडाभर कुरकुरीत राहणारी कुकी असा हट्ट सोडा, फळांची कुकी मऊच करा, ब्राऊन शुगर जास्त घेऊन, आणि कुरकुरीत हवी तेव्हा नुसत्या नट्सची. दोन्ही प्रकार एका डब्यात ठेवायचे नाहीत, नाहीतर मऊवाली कोरडी पडते आणि कुरकुरीत सादळते. सादळलेल्या १५० डिग्रीला ५-७ मिनिटं ठेवून जाळीवर पूर्ण गार करा, परत कुरकुरीत होतात, पण ते त्याच दिवसापुरतं. आणि गरम कुकीज डब्यात भरू नका, वाफ आत धरते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे करतात.

प्रश्न : ताई मी हॉस्टेलवर राहते, ओव्हन नाही, एअर फ्रायर आहे आणि एक साधा मायक्रोवेव्ह. कुकीज होतील का? बीटर पण नाहीये.

उत्तर : एअर फ्रायरमध्ये होतील, साध्या मायक्रोवेव्हच्या नादी लागू नकोस. त्यात वरून-खालून कोरडी उष्णता मिळतच नाही, कुकी पांढरी राहते आणि गार झाली की दगड. कन्व्हेक्शन मोड असेल तर गोष्ट वेगळी, तो ओव्हनच असतो. एअर फ्रायर म्हणजे छोट्या जागेत जोरात फिरणारी गरम हवा, म्हणून तापमान १६० ठेव, ३-४ मिनिटं आधी गरम कर, बास्केटमध्ये बटर पेपर कापून घाल, पण पेपर गोळ्यांनी दाबलेला असायला हवा, रिकामा पेपर उडून वरच्या कॉईलला चिकटतो. एका वेळी चार-पाच छोट्या कुकीज, ८ ते १० मिनिटं. वरून लावलेले नट्स इथे फार पटकन लाल होतात, तेव्हा ते गोळ्यात दाबून टाक. बाहेर काढताना मधला भाग मऊच असेल, कच्ची आहे म्हणून परत आत ढकलू नकोस, बास्केटमध्येच पाच मिनिटं राहू दे, तेवढ्यात घट्ट होते.

बीटर लागत नाही गं. मऊ बटर असेल तर लाकडी चमच्याने चार-पाच मिनिटं घोटलं की पुरतं, हात दुखतो तेवढाच.

प्रश्न : साखर न घालता फक्त खजुराच्या गोडीवर कुकीज करायच्या आहेत. साखरेइतकाच खजुराचा गर घातला पण मऊ केकसारखं काहीतरी झालं, कुकी नाही.

उत्तर : साखर कुकीत फक्त गोडीसाठी असती तर प्रश्न नव्हता. बटर फेटताना हवा धरते ती साखरेचे कण, ओव्हनमध्ये वितळून कुकी पसरवते ती साखर, गार झाल्यावर कुरकुरीतपणा देते ती पण साखरच. खजुराच्या गरात पाणी आणि तंतू, तो यातलं काहीच करत नाही. त्यामुळे तुमचं जे झालं ते त्या पदार्थाच्या स्वभावाप्रमाणे बरोबरच झालंय, त्याला कुकी न म्हणता मऊ बिस्किट-केक म्हणा आणि आवडीने खा.

कुकीच हवी असेल तर मधला मार्ग. माझ्या रेसिपीतली साखर २०-२५ टक्क्यांनी कमी केली तरी फार बिघडत नाही, म्हणजे पांढरी ५० ग्रॅमची १५-२० वर आणा, ब्राऊन तशीच ठेवा, आणि खजूर गर न करता बारीक तुकडे करून घाला, चावताना गोडी लागते त्यामुळे साखर कमी पडल्याचं जाणवतच नाही. मैद्यातला निम्मा भाग काढून गव्हाचं पीठ घालता येईल, फक्त ते पाणी जास्त शोषतं म्हणून चमचाभर दूध वाढवा आणि पीठ तासभर फ्रीजमध्ये राहू द्या. आणि एक स्पष्टच सांगते, खजूर घातला म्हणून पदार्थ बिनसाखरेचा होत नाही. खजुरात ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते. डायबेटिस असलेल्यांना शुगर-फ्री म्हणून डबा भरून देऊ नका प्लीज.

प्रश्न : केशरी जर्दाळू घ्यावे की तपकिरी? दुकानात दोन्ही दिसतात.

उत्तर : केशरी रंग टिकतो तो सल्फर डायऑक्साईडमुळे, पाकिटावर ई २२० असं लिहिलेलं असतं. तपकिरीत ते नसतं. कुकीत केशरी दिसायला सुंदर आणि जरा आंबट, तपकिरी जास्त गोड आणि गडद चवीचे. दमा असलेल्या काही जणांना सल्फाईटचा त्रास होतो, घरात तसं कोणी असेल तर तपकिरी, नाहीतर आवडेल ते.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला वर्गात द्यायला कुकीज करतेय. एका मुलाला नट्सची ॲलर्जी आहे असं कळलं. त्याच्यासाठी वेगळ्या बिननटच्या काही केल्या तर चालेल ना?

उत्तर : त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, त्याच ट्रेमध्ये करणार असाल तर नाही चालणार. ॲलर्जीला अख्खा बदाम लागत नाही, उलथण्याला लागलेला भुगासुद्धा पुरतो. सगळ्यांसाठीच बिननटच्या करा, भांडी आधी गरम पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, आणि बेदाणे-क्रॅनबेरीच्या पाकिटांवर नट्सचा अंश असू शकतो अशी सूचना आहे का ते वाचा, बऱ्याच पाकिटांवर असते. कुरकुरीतपणासाठी भोपळ्याच्या बिया भाजून घालता येतील, पण त्याही आधी त्या मुलाच्या आईला विचारून, कारण काहींना बियांचीही ॲलर्जी असते. काय काय घातलंय ते चिठ्ठीवर लिहून डब्यावर चिकटवा. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे किंवा मोठ्या तुकड्यांचे नट्स कुठल्याच कुकीत देऊ नका, घशात अडकतात, त्यांच्यासाठी बारीक पूड करूनच.

प्रश्न : बुडाला काळ्या, मध्ये कच्च्या. दरवेळी.

उत्तर : ओव्हन १५ मिनिटं आधी गरम करा, ट्रे मधल्या कप्प्यात, दोन्ही रॉड चालू. ट्रे काळा आणि पातळ असेल तर त्याखाली अजून एक ट्रे सरकवा, बुड वाचतं. फॅन चालू ठेवत असाल तर रेसिपीतलं तापमान २० डिग्रीने कमी. एवढं करूनही होत असेल तर ओव्हनमधला थर्मामीटर आणा, बऱ्याच ओव्हनचं बटण एक सांगतं आणि आत वेगळंच असतं.

प्रश्न : पिठाची लांब वळी करून गार करून चकत्या कापते, पण सुरी बदामाला अडकते आणि चकतीचा चुरा होतो. बिस्कॉटीमध्ये तर अख्खे बदाम असतात, ते लोक कसे कापतात?

उत्तर : बिस्कॉटी कापतात ती एकदा भाजून झाल्यावर. अख्खी वळी १७० डिग्रीला २५-३० मिनिटं भाजायची, १०-१५ मिनिटं निवू द्यायची, मग दातेरी सुरीने तिरक्या चकत्या करून परत भाजायच्या. पूर्ण गार झाली तर तडकते आणि गरमागरम कापली तर कुस्करते, कोमट असतानाच तो बदाम सुरीबरोबर सरळ कापला जातो आणि चकतीत त्याची पांढरी कड स्वच्छ दिसते.

कच्च्या वळीच्या चकत्या करायच्या असतील तर बदाम काप करूनच घाला किंवा तांदळाएवढे बारीक चिरा. वळी फ्रीझरमध्ये तासभर ठेवा, पातळ धारेची सुरी घ्या, दाबू नका, पुढे-मागे करत कापा आणि दर कापाला वळी थोडी फिरवा म्हणजे एका बाजूने चपटी होत नाही. तरी एखादी चकती तुटली तर बोटाने दाबून जोडा, भाजल्यावर कळतही नाही.

प्रश्न : एका वेळी वीस कुकीज आम्हा दोघांना खूप होतात. पीठ ठेवून देता येतं का?

उत्तर : फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. गोळे वळून ताटलीत सुटे सुटे गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा, एकदम भरले तर एकच ढेकूळ होतं. पिशवीवर तारीख आणि तापमान लिहून ठेवा. हवे तेवढे काढून थेट ओव्हनमध्ये, वितळवायची गरज नाही, दीड-दोन मिनिटं जास्त लागतात. फक्त ते गोठलेले गोळे येता-जाता तोंडात टाकायची सवय असेल तर ती सोडा, कच्च्या अंड्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो पण कच्चा मैदाही सुरक्षित नसतो.